लोणावळा-मावळातील खाद्यपदार्थांच्या नाममुद्रा

लोणावळा-मावळातील खाद्यपदार्थांच्या नाममुद्रा या लेखात पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, विशेषतः लोणावळा येथे, दुकानाच्या वा विक्रेत्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वेष्टित खाद्यपदार्थांचा आणि ते प्रत्यक्षात कोण तयार करतो या प्रश्नाचा विचार केला आहे. वेष्टनावर ठळक छापलेले नाव विक्रेत्याचे असते. पदार्थ बनवणारा कारखाना, गिरणी किंवा घरगुती उद्योग वेगळा असू शकतो. चिक्की आणि इंद्रायणी तांदूळ ही या प्रदेशातील त्याची दोन ठळक उदाहरणे होत. साखळी दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडच्या बाबतीत हाच प्रश्न जगभर विचारला जातो. भारतात त्याचे उत्तर पुष्कळ प्रमाणात वेष्टनावरील मजकुरातूनच मिळू शकते.

## संज्ञा

जो विक्रेता एखादा पदार्थ दुसऱ्याकडून बनवून वा भरून घेतो आणि स्वतःच्या नावाने विकतो, त्याच्या नाममुद्रेला व्यापारी भाषेत ‘प्रायव्हेट लेबल’ किंवा ‘दुकानाचा ब्रँड’ असे म्हणतात. मराठीत ‘खासगी नाममुद्रा’ आणि ‘विक्रेत्याची नाममुद्रा’ असे शब्दही वापरले जातात. अशा व्यवहारात सामान्यतः तीन पक्ष असतात :

* उत्पादक – पदार्थ प्रत्यक्ष तयार करणारा.
* वेष्टनकर्ता – तयार माल विकत घेऊन पिशवीत, डब्यात वा खोक्यात भरणारा. मोठ्या पोत्यातून लहान पिशव्या भरणाऱ्यास ‘रिपॅकर’ म्हणतात.
* नाममुद्रेचा धनी – ज्याच्या नावाने पदार्थ विकला जातो तो.

हे तिन्ही पक्ष एकच असू शकतात. आपल्याच भटारखान्यात चिक्की लाटून आपल्याच दुकानात विकणारा व्यावसायिक या प्रकारात मोडतो. तिन्ही वेगवेगळे असतात तेव्हा ग्राहकाच्या मनात ‘हे नेमके कोणाचे?’ हा प्रश्न उभा राहतो.

## पार्श्वभूमी

दुकानदाराने स्वतःच्या नावाने किराणा विकण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात ब्रिटन व अमेरिकेतील साखळी दुकानांनी रूढ केली. ब्रिटनमधील मार्क्स अँड स्पेन्सर या कंपनीने इ.स. १९२८ मध्ये ‘सेंट मायकेल’ ही स्वतःची नाममुद्रा नोंदवली. अमेरिकेतील कॉस्टको या साखळीने इ.स. १९९५ मध्ये ‘कर्कलंड सिग्नेचर’ ही नाममुद्रा सुरू केली. तिच्या काही कॉफीच्या पाकिटांवर ती स्टारबक्सने भाजून दिल्याचे स्पष्ट छापलेले असे. मात्र असा उघड उल्लेख हा अपवाद आहे. बहुतेक वेळा पुरवठादाराचे नाव करारानुसार गुप्त राहते आणि ग्राहक चव, बाटलीचा आकार किंवा घटकांची यादी यांवरून तर्क करीत राहतात.

महाराष्ट्रात मध्यस्थांची साखळी कमी करून किराणा पुरवण्याचे काम प्रथम सहकारी संस्थांनी मोठ्या प्रमाणावर केले. मुंबईतील अपना बाजारची स्थापना इ.स. १९४८ मधील आहे. इ.स. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सभासदांचे गट करून, माल एकत्रितपणे खरेदी करून तो वाटण्याची पद्धत रुजवली. या व्यवस्थांत ग्राहकाचा विश्वास मालावरील छापापेक्षा माल निवडणाऱ्या संस्थेवर असे. पुढे इ.स. २००२ मध्ये मुंबईतील पवई येथे डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. डी-मार्टचे ‘प्रीमिया’, पूर्वीच्या बिग बझारचे ‘टेस्टी ट्रीट’ व ‘गोल्डन हार्वेस्ट’, रिलायन्सचे ‘गुड लाइफ’ आणि बिगबास्केटचे ‘बीबी रॉयल’ ही भारतीय साखळी दुकानांच्या स्वतःच्या नाममुद्रांची परिचित उदाहरणे आहेत. डाळी, साखर, रवा, पोहे, शेंगदाणे यांसारख्या, मूळ स्वरूपात फारसा बदल न करता पिशवीत भरल्या जाणाऱ्या जिनसांत अशा नाममुद्रांचा वावर विशेष आहे.

## लोणावळा आणि मावळातील स्थिती

### चिक्की

पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग इ.स. १८५८ मध्ये आणि बोरघाटातील लोहमार्ग इ.स. १८६३ मध्ये सुरू झाला. घाटातील रेल्वेच्या कामावरील मजुरांना शेंगदाणे व गूळ यांची गुडदाणी विकण्यापासून लोणावळ्याच्या चिक्कीचा व्यवसाय सुरू झाल्याचे सांगितले जाते. पुढे रेल्वेचे प्रवासी, थंड हवेसाठी येणारे पर्यटक आणि मुंबई-पुणे रस्त्यावरील वाहतूक यांमुळे या पदार्थाला कायमची बाजारपेठ मिळाली. इ.स. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाल्यानंतर लोणावळा शहरात न शिरता प्रवास करणाऱ्यांनाही मार्गावरील फूड मॉलमध्ये चिक्की मिळू लागली.

चिक्कीची कृती साधी असली तरी कौशल्याची आहे. शेंगदाणे भाजून, सोलून व पाखडून घेतले जातात. चिकीच्या गुळाचा पाक योग्य अवस्थेला आला की त्यात दाणे मिसळून तो गोळा तूप वा तेल लावलेल्या ओट्यावर लाटला जातो आणि गरम असतानाच त्याच्या वड्या पाडल्या जातात. पाक कच्चा राहिल्यास चिक्की दाताला चिकटते. जास्त झाल्यास कडवट लागते. दाण्यांची प्रत, पाकाची अवस्था आणि लाटण्याची जाडी यांवर चव ठरत असल्याने दोन कारागिरांची चिक्की सारखी लागेलच असे नाही. तथापि कृतीवर कोणाचाही एकाधिकार नाही आणि साहित्य सर्वत्र मिळते. त्यामुळे उत्पादक अनेक आणि पदार्थ दिसायला जवळजवळ एकच अशी स्थिती निर्माण होते.

त्यात नामसाधर्म्याची भर पडते. ‘मगनलाल’ हे नाव लोणावळ्याच्या चिक्कीशी इतके निगडित झाले आहे की, त्याच्या आगेमागे वेगवेगळे शब्द जोडलेल्या अनेक पाट्या शहरात दिसतात. यांपैकी ‘मूळ’ दुकान कोणते, हा पर्यटकांच्या नेहमीच्या चर्चेचा विषय आहे. ‘लोणावळा चिक्की’ हे शब्द तर गावाचे व पदार्थाचे वर्णन करतात. ते कोणा एका उत्पादकाची ओळख पटवीत नाहीत. खोक्यावर दुकानाचे नाव असणे आणि आतील चिक्की त्याच दुकानाने बनवलेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही व्यावसायिक स्वतः उत्पादन करतात, तर काही तयार माल घेऊन तो आपल्या नावाच्या खोक्यात भरतात. दुसरी पद्धत बेकायदेशीर नाही. मात्र वेष्टनावर तसे नमूद करणे आवश्यक असते.

डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने लोणावळ्यातील एका जुन्या व नामांकित चिक्की उत्पादकाला, अन्नसुरक्षाविषयक नियमांची पूर्तता होईपर्यंत उत्पादन व विक्री थांबवण्याचा आदेश दिला होता. असा आदेश विशिष्ट परवानाधारकाला लागू असतो. सारख्या नावाच्या इतर दुकानांना नव्हे. म्हणून अशा प्रसंगी घरातील खोका नेमका कोणत्या उत्पादकाचा, हे केवळ कुतूहल राहत नाही. नावावरून अंदाज बांधणारा ग्राहक चांगला माल फेकून देऊ शकतो किंवा सदोष माल निःशंकपणे खाऊ शकतो. नामसाधर्म्य असलेल्या निर्दोष व्यावसायिकाचेही त्यात नुकसान होते.

### इंद्रायणी तांदूळ

मावळ हा भाताचा प्रदेश आहे. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या वाणांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा वाण विकसित करण्यात आला व तो इ.स. १९८७ मध्ये प्रसारित झाला. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणी नदीवरून त्याचे नाव ठेवले आहे. आंबेमोहोराचा सुवास, मऊ व किंचित चिकट भात आणि त्याहून अधिक उत्पन्न यांमुळे हा वाण लोकप्रिय झाला.

‘इंद्रायणी’ ही नाममुद्रा नसून वाणाचे नाव आहे. हा वाण पिकवणारा कोणीही शेतकरी आणि तो भरणारा कोणीही व्यापारी ते नाव वापरू शकतो. भोर, इगतपुरी, अकोले अशा इतर भात-तालुक्यांतही त्याची लागवड होते. त्यामुळे पिशवीवर ‘इंद्रायणी’ असे लिहिल्याने तांदूळ मावळातला ठरत नाही. तांदळाच्या पिशवीवर भरणाऱ्याचा पत्ता मिळतो, परंतु शेत कोठले हे बहुधा त्यावर नसते. पुण्यातील वा मुंबईतील गोदामाचा पत्ता पाहून तांदूळही तेथूनच आला असे मानणे जितके चुकीचे, तितकेच वडगावच्या वा कामशेतच्या गिरणीचा पत्ता पाहून भात त्याच शिवारातला मानणेही चुकीचे ठरू शकते.

भौगोलिक मानांकनाचे स्वरूप याहून वेगळे आहे. इ.स. १९९९ च्या वस्तूंचे भौगोलिक निर्देशक कायद्यान्वये नोंदणी झालेले नाव ठरावीक प्रदेशातील उत्पादनालाच लावता येते. मावळच्या शेजारील मुळशी तालुक्यातील आंबेमोहोर तांदळास असे मानांकन मिळालेले आहे. थोडक्यात, वाणाचे नाव बियाण्याविषयी, भौगोलिक मानांकन प्रदेशाविषयी आणि नाममुद्रा विक्रेत्याविषयी माहिती देते.

## उत्पादक ओळखण्याची साधने

### नाव व पत्ता

वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार वेष्टित वस्तूवर उत्पादकाचे नाव व पत्ता असणे आवश्यक आहे. उत्पादक आणि वेष्टनकर्ता वेगळे असतील तर दोघांचाही उल्लेख करावा लागतो. अन्नपदार्थांसाठी अन्नसुरक्षा व मानके (लेबलिंग आणि प्रदर्शन) विनियम, २०२० लागू आहेत. त्यांनुसार नाममुद्रेच्या धन्याचे नाव व संपूर्ण पत्ता छापावा लागतो, आणि उत्पादक वा वेष्टनकर्ता निराळा असल्यास त्याचा परवाना क्रमांकही द्यावा लागतो. म्हणून ‘उत्पादक’, ‘वेष्टनकर्ता’ आणि ‘विपणन’ या शब्दांपुढील मजकूर वेगवेगळा वाचणे महत्त्वाचे असते. हा मजकूर बहुधा खोक्याच्या मागील वा खालच्या बाजूस बारीक अक्षरांत असतो.

### चौदा अंकी परवाना क्रमांक

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक १४ अंकी असतो. त्याची रचना पुढीलप्रमाणे आहे :

* पहिला अंक – १ असल्यास परवाना, २ असल्यास लहान व्यावसायिकाची नोंदणी.
* पुढील दोन अंक – राज्याचा संकेतांक. महाराष्ट्राचा संकेतांक १५ असून केंद्रीय परवान्यासाठी ०० वापरतात.
* त्यापुढील दोन अंक – क्रमांक दिल्याचे वर्ष.
* उरलेले अंक – देणारे कार्यालय व अनुक्रम.

यानुसार ‘११५’ ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्रातील राज्य परवान्याचा, ‘२१५’ ने सुरू होणारा महाराष्ट्रातील नोंदणीचा आणि ‘१००’ ने सुरू होणारा केंद्रीय परवान्याचा असतो. इ.स. २०११ च्या नियमांनुसार वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान व्यावसायिकास परवान्याऐवजी नोंदणी पुरेशी ठरवली गेली. प्राधिकरणाच्या ‘फॉस्कॉस’ या संकेतस्थळावर क्रमांक टाकून तो कोणाच्या नावे आहे हे पाहता येते. एकाच वेष्टनावर दोन क्रमांक असतील तर पहिला कोणाचा व दुसरा कोणाचा हे त्यांच्या शेजारील शब्दांवरून कळते. दोन भिन्न नाममुद्रांच्या पाकिटांवर उत्पादकाचा क्रमांक एकच आढळल्यास ती दोन्ही एकाच ठिकाणी तयार झाली, असे म्हणण्यास सबळ आधार मिळतो.

### बॅच क्रमांक

बॅच किंवा लॉट क्रमांकावरून सदोष मालाचा माग काढता येतो. अनेक कारखाने असलेल्या कंपन्या त्यात कारखान्याचे आद्याक्षर घालतात. त्या अक्षराचा अर्थ वेष्टनावरच अन्यत्र दिलेला असतो. पदार्थाविषयी तक्रार करताना हा क्रमांक आवश्यक असल्याने, खाऊन संपेपर्यंत वेष्टन जपून ठेवणे उपयुक्त ठरते.

### घटकांची यादी

घटक त्यांच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. चिक्कीच्या दोन पाकिटांपैकी एकावर शेंगदाणे प्रथम आणि दुसऱ्यावर गूळ, साखर वा ग्लुकोज प्रथम असेल, तर कारखाना एक असला तरी पदार्थ एक नाही हे स्पष्ट होते.

### बारकोड

बारकोडच्या आरंभी ‘८९०’ असल्यास पदार्थ भारतात बनला, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात तो क्रमांक जीएस१ या संस्थेच्या भारतीय शाखेने दिला आहे, एवढेच त्यावरून समजते. पदार्थ कोठे व कोणी बनवला हे बारकोडच्या आरंभीच्या अंकांवरून ठरत नाही.

### सुटा माल

सुट्या चिक्कीला यांपैकी बहुतेक साधने लागू पडत नाहीत. तराजूत तोलून कागदात बांधून दिलेल्या मालावर लेबल नसते. दि. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानांत सुट्या मिठाईसोबत ती कधीपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिणे प्राधिकरणाने बंधनकारक केले. उत्पादकाविषयी मात्र दुकानदाराला विचारणे आणि खरेदीची पावती घेणे हाच मार्ग उरतो.

## अनुमानाच्या मर्यादा

‘दोन्ही एकाच कारखान्यात बनतात, म्हणून दोन्ही एकच आहेत, केवळ खोके वेगळे’ असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो पुढील कारणांमुळे टिकत नाही :

* कंत्राटी उत्पादक प्रत्येक नाममुद्रेसाठी वेगळ्या कृतीने, वेगळ्या प्रतीच्या कच्च्या मालातून उत्पादन करू शकतो.
* विक्रेता पुरवठादार बदलू शकतो. गेल्या वर्षीचे पाकीट पाहून केलेले अनुमान यंदाच्या पाकिटास लागू होईलच असे नाही.
* एकाच नाममुद्रेसाठी निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळे उत्पादक असू शकतात.
* चव हा दुबळा पुरावा आहे. चिक्कीसारख्या पदार्थात साठवण, हवामान आणि दमटपणा यांमुळेही चव व कुरकुरीतपणा बदलतो. पावसाळ्यातील लोणावळ्यात उघड्यावर राहिलेली उत्तम चिक्कीही लवकर सादळते.

याच्या उलट, नाममुद्रा भिन्न असल्या म्हणजे धोकाही भिन्न, हाही भ्रम आहे. अमेरिकेतील पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या शेंगदाणा प्रक्रिया कंपनीच्या मालातून इ.स. २००८-०९ मध्ये साल्मोनेला या जिवाणूचा फैलाव झाला. त्यात ७०० हून अधिक लोक आजारी पडल्याची नोंद झाली आणि ९ मृत्यूंचा संबंध या फैलावाशी जोडला गेला. या कंपनीचा माल असंख्य बिस्किटे, मिठाया व इतर पदार्थांत वापरला गेला असल्याने ३,९०० हून अधिक उत्पादने बाजारातून परत मागवावी लागली. इ.स. २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुखास २८ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. परत मागवलेल्या पदार्थांच्या वेष्टनांवर नावे शेकडो होती. मूळ एकच होते.

## कायदेशीर जबाबदारी

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ मध्ये उत्पादक, वेष्टनकर्ता, घाऊक व्यापारी, वितरक आणि विक्रेता यांची जबाबदारी स्वतंत्रपणे सांगितली आहे. आपण विकलेला पदार्थ कोणत्या उत्पादकाकडून वा वितरकाकडून घेतला हे ज्या विक्रेत्याला सांगता येत नाही, तो स्वतः जबाबदार ठरतो. सदोष माल परत मागवण्याची तरतूद कलम २८ मध्ये असून तिची कार्यपद्धती इ.स. २०१७ च्या विनियमांत दिली आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याहून पुढे जातो. त्यातील ‘उत्पादन-निर्माता’ या संज्ञेच्या व्याख्येत वस्तू प्रत्यक्ष बनवणाऱ्याबरोबरच, दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःची मुद्रा लावणाऱ्याचाही समावेश आहे. त्यामुळे ‘माल आमचा नाही, आम्ही फक्त खोके भरतो’ असे सांगून नाममुद्रेचा धनी उत्पादन-दायित्वातून सुटू शकत नाही. पदार्थावर आपले नाव छापणे म्हणजे त्याच्या गुणदोषांची हमी घेणे होय, असा या तरतुदीचा आशय आहे. ग्राहकाच्या दृष्टीने उत्पादकाचे नाव न कळले तरी दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही.

## लहान उत्पादकांचे स्थान

दुसऱ्याच्या नावाने माल बनवणाऱ्यांत मोठ्या कंपन्यांबरोबरच लहान कारखाने, भातगिरण्या, महिला बचत गट आणि घरगुती उद्योग यांचाही समावेश असतो. जाहिरात, दुकानाची जागा आणि वितरण यांचा खर्च न करता नियमित मागणी मिळणे हा त्यांचा लाभ असतो. त्याची दुसरी बाजू अशी की, ग्राहक त्यांना ओळखत नाही. नाममुद्रेच्या धन्याने पुरवठादार बदलल्यास वर्षानुवर्षांच्या कामातून मिळवलेला लौकिक त्यांच्याबरोबर जात नाही. तो खोक्यावरील नावाकडेच राहतो. भावाच्या वाटाघाटीतही त्यामुळे त्यांची बाजू दुबळी पडते.

केंद्र शासनाच्या इ.स. २०२० मधील सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत लहान उद्योगांना यंत्रसामग्रीसाठी प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, अनुदानाची तरतूद करण्यात आली. उत्पादक गटांना सामाईक नाममुद्रा व विपणन यांसाठीही तीत साहाय्य ठेवले गेले. स्वतःच्या नावाने विक्री करू न शकणाऱ्या उत्पादकाची ओळख वेष्टनावर ‘उत्पादक’ या शब्दापुढील ओळीत किंवा केवळ परवाना क्रमांकात सामावलेली असते. ती ओळ ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, आणि प्रत्यक्ष पदार्थ बनवणाऱ्याची वेष्टनावरील नोंदही बहुधा तेवढीच असते.

## हेही पाहा

* लोणावळा
* मावळ तालुका
* चिक्की
* इंद्रायणी (तांदूळ)
* आंबेमोहोर
* भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण
* ग्राहक संरक्षण कायदा, २०१९
* भौगोलिक मानांकन